ओळखीचा हात सुटू नये

अभ्यासलेख: बाळंतपणाच्या सेवेतील सातत्य



या अंकाचा अभ्यास पाड्यांवरील बाळंतपणाविषयी आहे. मी नर्स नाही, डॉक्टरही नाही. समाजकार्य हे माझे शिक्षण, त्यात पुढे ईशज्ञानाच्या पदविकेची भर पडली, आणि गेली अनेक वर्षे पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मी काम करते. त्यामुळे औषधोपचार शिकवायला मी बसलेली नाही. गरोदर बाईची काळजी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच कशी निसटते, आणि ती निसटू नये म्हणून काय व्यवस्था लावावी, एवढेच मला सांगायचे आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

पत्र्याच्या पेटीतले कार्ड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका पाड्यावर एक कातकरी मुलगी दुसऱ्यांदा गरोदर होती. मुलगीच म्हणते, कारण तिचे वय जेमतेम विशीचे. तिची नोंद वेळेवर झाली होती. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्ताची तपासणी, सगळे झाले होते. दिवाळीच्या थोडे आधी उपकेंद्रावर तपासणी झाली तेव्हा तिचा रक्तदाब १४०/९० च्या वर दिसला. सिस्टरांनी तो कार्डावर लिहिला, लाल पेनाने खूण केली आणि "आठवड्याने पुन्हा ये" म्हणून बजावले. मी तेथेच बाकावर बसले होते.

मध्ये दिवाळी आली. तिच्या नवऱ्याने वीटभट्टीवाल्याकडून पावसाळ्यातच उचल घेतली होती. दिवाळी होताच टेम्पो आला आणि कुटुंब निघून गेले. आठवड्याने आशाताई आणि मी पाड्यावर गेलो, तर दाराला दोरी बांधलेली. शेजारीण म्हणाली, "भिवंडीकडं गेली." मी वही उघडली, तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा एकच शब्द लिहिला आणि पुढच्या घरी गेले.

आठव्या महिन्यात भट्टीवर तिचे डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. उन्हात काम केल्याने असेल, असे सगळ्यांना वाटले. दुसऱ्या रात्री झटके आले. विटांच्या टेम्पोत घालून नवऱ्याने तिला एका रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी कार्ड मागितले. कार्ड पाड्यावर होते, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या साडीखाली. महत्त्वाचा कागद म्हणून तिने ते जपून ठेवले होते. रक्तदाब कधीपासून आहे, कितवा महिना आहे, आधीचे बाळंतपण कसे झाले, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. ती वाचली. बाळ वाचले नाही.

शिमग्याला ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त विचारले, "ताई, दर महिन्याला येत होतीस ना तू? मंग नंतर कुठं गेलीस?"

भट्टीवर ती गेली होती, मी नव्हे. पण तिच्या हिशोबाने सोडून गेले होते मी.

त्या प्रसंगात हलगर्जीपणा शोधायला बसले, तर कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. आशाताईने नोंद केली होती. सिस्टरांनी रक्तदाब मोजला होता, लिहिला होता. रुग्णालयाने रात्री दोन वाजता दाखल करून घेऊन तिचा जीव वाचवला. प्रत्येकाने आपापले काम केले. पण उपकेंद्र आणि भट्टी यांच्यामधले जे अंतर होते, ते कोणाचेच काम नव्हते. बाळ त्या अंतरात गेले.

सातत्य म्हणजे काय?

आरोग्यसेवेत 'सातत्य' हा शब्द सध्या पुष्कळदा ऐकू येतो. २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कॅनडातील जिनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे तीन प्रकार मांडले. आपल्या कामाला ते नेमके लागू पडतात.

पहिले, माहितीचे सातत्य. आज जे कळले ते उद्याच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे. कार्ड, वही, फोन, तोंडी निरोप, काहीही चालेल. पण ते पोहोचले पाहिजे.

दुसरे, नियोजनाचे सातत्य. सगळ्यांचा बेत एकच असला पाहिजे. उपकेंद्रावर "तुझे बाळंतपण मोठ्या रुग्णालयात होईल" असे सांगितले, आणि घरी सासूने "इथेच करू" असे ठरवले, तर ऐन कळांच्या वेळी दोन बेत एकमेकांवर आदळतात.

तिसरे, नात्याचे सातत्य. त्या बाईला ओळखणारे, आणि तिच्या ओळखीचे, एक तरी माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्यासोबत राहिले पाहिजे.

माझ्या त्या मुलीच्या बाबतीत तिन्ही एकाच दिवशी तुटली. कार्ड पेटीत राहिले, आठवड्याने पुन्हा तपासण्याचा बेत पाड्यावर राहिला आणि मी पुढच्या घरी गेले.

एक गोष्ट करून पाहा. आमच्याकडील एखाद्या बाईला गरोदरपणापासून बाळ दीड महिन्याचे होईपर्यंत किती अनोळखी हातांतून जावे लागते ते बोटांवर मोजा. आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्राच्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, रुग्णवाहिकेतील डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातील रात्रपाळीच्या नर्स, तेथून पुढे पाठवले तर जिल्ह्याच्या ठिकाणचे सगळे नवे चेहरे. सगळी माणसे चांगली असली तरी प्रत्येक ठिकाणी तिला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. तीही अशा भाषेत, जी तिच्या घरची नाही. मग बाई गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या बाईला आपण 'सहकार्य न करणारी' म्हणतो.

सुईणीपाशी काय होते, काय नव्हते

जुन्या पाड्यावर हा प्रश्न नव्हता. सुईण एकच असे. पोटावर हात ठेवून बाळ कसे आहे हे सांगणारी तीच, कळा सुरू झाल्या की रात्री कंदील घेऊन येणारी तीच, नाळ कापणारी तीच. पुढे कित्येक दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तीच येई आणि पाचवीला तिचा मान असे. त्या बाईच्या आईचे बाळंतपणही बहुधा तिनेच केलेले असे. नात्याचे सातत्य याहून अधिक कोठे मिळणार?

पण हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की सुईणीपाशी रक्तस्राव थांबवायचे औषध नव्हते, रक्त नव्हते, झटक्यांवरचे इंजेक्शन नव्हते, बाळ अडले तर शस्त्रक्रिया नव्हती. ओळखीच्या हातातच कित्येक बाया गेल्या. म्हणून २००५ पासून जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्ती आल्या, २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत झाली, हे फार मोलाचे झाले. 'पूर्वीचेच बरे होते' असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

रुग्णालयाने सुरक्षितता दिली, पण ओळखीचा हात घरी राहिला. दोन्ही एकत्र कसे आणायचे, हाच आपला प्रश्न आहे. आणि तो भावनेचा नसून व्यवस्थेचा आहे. माया आपल्या लोकांत पुष्कळ आहे. कमी पडते ती वही, वेळापत्रक आणि 'ही माझी जबाबदारी' असे म्हणणारे नाव.

इतरांनी काय शिकून ठेवले आहे

इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांत यावर पुष्कळ अभ्यास झाला. २०१६ मध्ये जेन सँडल आणि सहकाऱ्यांनी १५ चाचण्यांचा, म्हणजे १७ हजारांहून अधिक स्त्रियांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. गरोदरपण, प्रसूती आणि नंतरचे दिवस ओळखीच्या सुईण-परिचारिकेच्या किंवा त्यांच्या छोट्या गटाच्या हाती असतील, तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, चिमटा लावण्यासारखे उपाय कमी करावे लागतात आणि स्त्रिया अधिक समाधानी असतात, असे त्यात दिसले. मात्र हे सारे देश श्रीमंत आहेत. तेथे रुग्णवाहिका दारात येते. त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्या डोंगराला लावता येणार नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत सुचवली, पण जेथे अशा परिचारिकांची व्यवस्था नीट चालते तेथेच, अशी अट घालून.

ती अट किती खरी आहे हे इंग्लंडनेच दाखवले. २०१६ साली तेथे प्रत्येक स्त्रीला अशी सेवा देण्याचे मोठे उद्दिष्ट ठरले. परिचारिका अपुऱ्या होत्या, असलेल्या थकल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील आरोग्यसेवेने कालमर्यादेचे ते उद्दिष्टच मागे घेतले आणि आधी पुरेशी माणसे नेमा, असे सांगितले. आपण यातून शिकायचे ते हे: सातत्य म्हणजे एकाच बाईला दिवसरात्र जुंपणे नव्हे. जी स्वतः कोलमडेल ती दुसरीला काय सावरणार?

भारत सरकारनेही २०१८ मध्ये सुईण-सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचारिकांना १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन नेहमीच्या, बिनधोक्याच्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची, अशी ती योजना आहे. दुर्गम पाड्यांपर्यंत ती पोहोचायला वेळ लागेल. पण आपल्या महाराष्ट्रात याआधीच दोन दिवे लागलेले आहेत.

पहिला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचे मर्म असे की काळजी घेणारी बाई बाहेरून येऊन परत जात नव्हती. ती त्याच गल्लीत राहत होती.

दुसरा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ तेथे आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक अधिक.

आम्ही लावलेली व्यवस्था

त्या शिमग्यानंतर आमच्या गटाने आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांच्याशी बसून काही नियम ठरवले. सरकारी व्यवस्थेला पर्याय उभा करायचा नाही, तिच्यातले जोड फक्त पक्के करायचे, हे आधीच ठरले. आदिवासी व डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा नियम आहे. तीन हजार लोक विखुरलेल्या पाड्यांत असतील, तर एकट्या सिस्टरांनी किती पळायचे? म्हणून आम्ही मधल्या जागा धरल्या.

१. एका आईमागे दोन नावे. प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे तिची 'सोबतीण' लिहितो. ती बहुधा आशाताई असते, कधी आमची कार्यकर्ती, तर कधी पाड्यावरची जुनी सुईण. शेजारी दुसरे नाव, पहिली आजारी पडली किंवा तिच्या घरी लग्न निघाले तर धावून येणारीचे. दोघींना त्या बाईच्या घरी एकदा तरी एकत्र नेतो. कळा आल्यावर नवा चेहरा दिसू नये.

२. कार्ड माणसाबरोबर चालते. माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगतो. गाव सोडताना रेशनकार्ड कोणी विसरत नाही. शिवाय कार्डाच्या पानांचा फोटो सोबतिणीच्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये असतो. धोक्याची बाब असेल तर ती घरच्यांना समजेल अशा एका वाक्यात सांगून पाठ करून घेतो: "हिला बीपी आहे", "हिला सिकलसेल आहे", "पहिल्या वेळी रक्त फार गेले होते". कार्ड हरवले तरी वाक्य हरवत नाही.

३. जाण्याआधीची भेट. हा आमचा सर्वांत महत्त्वाचा नियम. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत प्रत्येक गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला विचारतो: जाणार आहेस का? कोणत्या गावच्या भट्टीवर? मुकादम कोण, त्याचा नंबर काय? दिवस कधी भरतात? शक्य असेल तेथे तिकडच्या आशाताईंना फोन करून नाव कळवतो. 'स्थलांतरित' हा शब्द आम्ही वहीतून काढून टाकला. त्या रकान्यात आता गावाचे नाव आणि फोन नंबर लिहावा लागतो. रकाना मोकळा राहिला तर काम अपुरे.

४. दिवस भरण्याआधी खाली आणणे. दूरच्या पाड्यांवरील बायांना प्रसूतीच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून सरकारची 'माहेरघर' योजना आहे. पण घरी लहान मूल, शेळ्या, म्हातारी सासू असताना बाई निघणार कशी? मागच्या मुलाला कोण सांभाळणार, याची सोय लावली तरच ती निघते. ही सोय सोबतीण आणि घरचे मिळून आधीच ठरवतात.

५. रुग्णालयाच्या दारातली सुपूर्दगी. सोबतीण रुग्णवाहिकेत बसते आणि दारात नर्सताईंना तीन गोष्टी सांगते: किती महिने, कोणता धोका, काय औषध चालू. प्रसूतीच्या वेळी ओळखीची एक बाई सोबत असू द्यावी, असे सरकारी धोरणही आहे. तेव्हा अडवले तर भांडायचे नाही, नम्रपणे आठवण करून द्यायची. येथे जुन्या सुईणीचा फार उपयोग होतो. ती नाळ कापत नाही, पण पाठ चोळते, पाणी पाजते आणि नर्सताईंचे बोलणे बाईच्या बोलीत सांगते. तिचा मानही राहतो.

६. बेचाळीस दिवस पुरे करणे. बाळंतीण घरी आली की सगळ्यांना हुश्श वाटते. पण धोका तेथे संपत नाही. फार रक्त जाणे, ताप, घाण वासाचा स्राव, डोकेदुखी आणि अंधारी, श्वास लागणे ही आईची लक्षणे. दूध न ओढणारे, गार पडलेले, मलूल झालेले, धापा टाकणारे बाळ ही बाळाची लक्षणे. यांतले एकही दिसले तर थांबायचे नाही, १०८ ला फोन करायचा, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत असावे.

७. महिन्याची बैठक. येथे आकडे वाचत नाही, नावे वाचतो. प्रत्येक नावाशी थांबून विचारतो: शेवटची भेट कोणी घेतली, पुढची कोण घेणार? ज्या नावापुढे उत्तर येत नाही, तेथे धागा तुटलेला आहे. दोष कोणाचा हे विचारायचे नाही, असा नियम आहे. नाहीतर लोक खोटे लिहू लागतात.

हे सगळे सुरळीत चालते असा समज करून घेऊ नका. कित्येक पाड्यांवर फोनला रेंज नाही. मुकादम नंबर द्यायला कचरतात. आशाताईंना मोबदला मिळतो, तोही उशिरा; त्यांच्यावर आणखी कामे लादताना जीभ अडखळते. म्हणून सोबतिणीच्या प्रवासाचा आणि रुग्णालयातील जेवणाचा खर्च आम्ही मिशनच्या निधीतून देतो. तुमच्या देणग्यांतील काही भाग तेथे जातो. रिक्षाचे भाडे आणि वडापाव-चहा असा तो हिशोब आहे. पण त्यावाचून ओळखीचा हात रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

ती पुन्हा आली तेव्हा

ती कातकरी मुलगी पुढे पुन्हा गरोदर राहिली. या वेळी आधीच्या झटक्यांची गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी लवकर औषध सुरू केले आणि तपासण्या जवळजवळ ठेवल्या. दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली. "जाऊ नको" असे मी म्हणू शकले नाही. उचल फेडायची होती आणि ती फेडण्याइतका पैसा ना तिच्याकडे होता, ना माझ्याकडे. पण कार्ड तिच्या पिशवीत होते आणि "हिला बीपी आहे, मागं झटके आले होते" हे वाक्य तिच्या नवऱ्याला तोंडपाठ होते.

मध्ये अकरा दिवस फोन लागला नाही. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाराव्या दिवशी तिकडच्या आशाताईंचा फोन आला: रक्तदाब वाढला होता, त्यांनी तपासणीला नेले होते, तेथील डॉक्टरांनी कार्ड पाहून लगेच दाखल करून घेतले होते. शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. वजन कमी, पण आवाज मोठा!

तिसऱ्या दिवसाची भेट मात्र चुकली. रविवार होता आणि दोघीही सोबतिणी घरच्या कार्यात होत्या. बैठकीत ते नाव वाचले तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. त्यानंतर रविवारसाठी आणखी एक नाव ठरले. अशीच ही व्यवस्था पुढे सरकते, एकेक चूक भरून काढत.

मंडळीने काय करावे?

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात मिसराच्या बलाढ्य राजाचे नाव दिलेले नाही, पण दोन सुइणींची नावे दिलेली आहेत: शिप्रा आणि पुवा. राजाची आज्ञा मोडून त्यांनी बाळे जगू दिली. ईशज्ञानाच्या वर्गात हा उतारा आम्ही देवाच्या भयाचा धडा म्हणून शिकलो, आणि तो आहेच. पाड्यावर काम केल्यावर मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, ज्यांनी काळजी घेतली त्यांची नावे नोंदलेली आहेत. दुसरी, त्या दोघी होत्या. आमच्या वहीतील दोन नावांचा रकाना मी भरते तेव्हा मला त्या दोघी आठवतात.

आता तुमच्याकडे येते. आमच्या बाया दिवाळीनंतर जातात कोठे? भिवंडी, वसई, कल्याण, शहापूर, वाडा. म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घराजवळच. उपासनेला जाताना ज्या भट्ट्यांचा धूर तुम्हाला दिसतो, त्यांच्यापाशी प्लास्टिकच्या छताखाली आमची कोणी सहा-सात महिन्यांची गरोदर असते. ती आमच्या हातातून सुटते ती तुमच्या दारात. आम्ही वरून धागा सोडला, तर खाली तो धरणारे कोणी हवे.

मंडळीतील महिला मंडळाने हे करावे. दिवाळीनंतर आपल्या भागातील भट्ट्यांवर एक फेरी मारा, आधी मुकादमाला भेटून, त्याच्या परवानगीने. गरोदर बाया किती, त्यांच्यापाशी कार्ड आहे का, एवढे पाहा. तेथील आशाताईंची आणि त्यांची गाठ घालून द्या. आपल्यापैकी एकीचा फोन नंबर त्यांच्याकडे द्या, आणि रात्री तो फोन उचलेल अशीच बहीण निवडा. आजारपण निघाले तर १०८ बोलावून सोबत रुग्णालयात जा. आपण डॉक्टर बनायचे नाही, गोळ्या वाटायच्या नाहीत. एक विनंती विशेष: ही सेवा आहे, तेथे प्रचाराची पत्रके नेऊ नका, धर्म विचारू नका. विव्हळणाऱ्या बाईला पाणी देताना कोणतीही अट नको.

आणि एकदा गेलात की पुन्हा जा. आपण एकदाच ब्लँकेटे वाटून, फोटो काढून परतलो, तर त्यांच्या आयुष्यात आणखी एक अनोळखी चेहरा येऊन गेला, इतकेच होईल. "मंग नंतर कुठं गेलीस?" हा प्रश्न मला एकदा विचारला गेला आहे. तो तुम्हाला विचारला जाऊ नये.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील शेवटच्या बाळंतपणात किती हात बदलले? ओळखीचे कोण होते?

२. माहितीचे, नियोजनाचे आणि नात्याचे सातत्य यांपैकी आपल्या मंडळीच्या सेवाकार्यात सर्वांत कच्चे कोणते? आजाऱ्यांच्या भेटींचाही विचार करा.

३. आपल्या मंडळीपासून जवळची वीटभट्टी कोठे आहे? तेथील आशाताईंचे नाव आपल्याला माहीत आहे का?

४. ज्या बहिणी ही सेवा करतील त्या थकू नयेत म्हणून दुसरे नाव कोणाचे असेल?

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवरील गरोदर मातांसाठी, विशेषतः या हंगामात गाव सोडणाऱ्यांसाठी. आशाताई, सिस्टर आणि रात्रपाळीच्या नर्सताईंच्या बळासाठी. उचलीच्या फासातून कुटुंबे सुटावीत यासाठी. आणि ज्या आयांची पाळणी रिकामी राहिली, त्यांच्या सांत्वनासाठी.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बहीण